‘शिकारी प्लस’ आणि आखाजी

रजनीने एकदा डूख धरला की नागिणीनेही तिच्याकडे शिकवणी लावावी. एरवी बाई हसतमुख. सिलवासातल्या टोकरखाडा वस्तीत तिच्या शेजारच्या बायकांना विचारा, कुणाचं दुखलंखुपलं की आधी रजनी धावते. पण हेमंत साहेबाचं नाव निघालं की तिच्या हातातली पोळी तव्यावर करपायची.

ती मूळची शिरपूरकडची, तापीकाठची. लग्न होऊन सिलवासाला आली, नवरा सुताच्या कारखान्यात लागला आणि ही राखोलीला खेळण्यांच्या कारखान्यात. दिवाळीत पोरं टिकल्या फोडतात ती प्लॅस्टिकची पिस्तुलं तिथे तयार होतात. एका टेबलावर चाप बसवता बसवता ती अख्ख्या जुळणीची मुख्य झाली. टेबलांवरच्या साऱ्या पोरी खान्देशातल्या. बहुतेक तिनेच आणलेल्या, कुणी मावसबहीण, कुणी गावची, कुणी गावच्या सुनेची बहीण. धाकट्या भावाला, योगेशला, तिनेच आणून स्प्रिंगच्या टेबलावर बसवलं होतं.

मोबाइलवाल्यांनी जगाला नाद लावला तेव्हापासून पिस्तुलालाही दरवर्षी नवं मॉडेल लागतं. ‘शिकारी’ झालं, मग ‘शिकारी टू’ झालं. बदल काय, तर मुठीवर वाघाचं तोंड आणि खोक्यावर जास्त जाळ. पण हेमंत साहेब पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला, त्याला खरोखरचं काही नवं करायचं होतं. लहान पोरांच्या बोटाला चाप जड जातो, आपण तो मऊ करू, असं त्याने शेठला पटवलं. विचार चांगला होता, खोटं कशाला बोला! त्यासाठी त्याने स्प्रिंगची तार बारीक मागवली. आणि त्या दिवाळीत निम्म्या हिंदुस्थानातल्या पोरांनी दहा टिकल्या फोडल्या नाहीत तोच चाप लुळे पडले. माल टेम्पो भरभरून परत आला.

शेठ म्हणजे भावेशभाई. तो लालबुंद होऊन शेडमध्ये आला, तेव्हा हेमंतने स्वतःच्या तारेचं नाव काढलं नाही. त्याने बोट योगेशकडे केलं. “हा पोरगा स्प्रिंग उलटी बसवतो, शेठ. मी कितीदा बजावलं.” मग योगेशला सगळ्यांसमोर उभं केलं, एकेक मोडकं पिस्तूल त्याच्या हातात देऊन चाप ओढायला लावला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेऊन वॉचमनकरवी फाटकाबाहेर घालवलं. बारीक तारेची वेटोळी सगळ्या शेडने पाहिली होती. पण बोललं कुणी नाही. रजनीही बोलली नाही. तिच्या हाताखालच्या तीस पोरींची पोटं तिच्या जिभेवर बसली होती.

योगेश गावी निघून गेला. रजनीला वाटलं, चार महिने जातील, विसरेल. पुढच्या आखाजीला ती माहेरी गेली.

आता आखाजी म्हणजे काय, हे खान्देशाबाहेरच्याला सांगून कळत नाही. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. पण आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण. झाडाझाडाला झोके, घरोघरी गवराई, आणि गवराई बोळवायला नदीवर गेलं की या काठच्या बायका त्या काठच्यांना मनसोक्त शिव्या देणार. त्या दिवशीच्या शिव्यांचा कुणी राग मानायचा नसतो. पण त्या दिवशी पलीकडच्या काठावरून एक बाई ओरडली, “तुन्हा भाऊना चाप मोडी गया वं!” आणि दोन्ही काठ पोट धरून हसले. रजनी घरी आली तर योगेश अंगणात बसलेला. नदीवरचं त्याच्या कानावर आधीच आलं होतं. “आते मी तठे येवाव नही, बहीन,” सिलवासाला परत यायचं नाही, एवढंच तो म्हणाला आणि आत गेला. शिव्यांचा राग धरायचा नसतो, म्हणून रजनीने त्या बाईवर धरला नाही. सगळाच्या सगळा हेमंतवर धरला. जसं योगेशला उभं केलं तसं याला सगळ्यांसमोर उभं करीन, तर मी खरी, असं तिने परत नदीवर जाऊन, गवराईच्या पाण्यात उभं राहून म्हटलं.

पुढच्या वर्षी संधी हेमंतनेच ताटात वाढून आणून दिली. यंदा त्याने चाप नीट जमवला होता. जाड तार, नवा साचा, ओढायला मऊ. नाव ‘शिकारी प्लस’. दिवाळीच्या ऑर्डरी उन्हाळ्यातच ठरतात, म्हणून मुंबई-अहमदाबादचे डीलर बोलवायचे, त्यांच्यासमोर टेबलावर पिस्तुलं जुळवायची आणि गरमागरम त्यांच्या हातात द्यायची, असा बेत. आणि दिवस? “अक्षय्य तृतीया! साडेतीन मुहूर्तांतला एक,” हेमंत म्हणाला. भावेशभाईही खूष, गुजरात्यांची अखात्रीजही तीच. दोघांनीही मुहूर्त पाहिला, पोरींचं माहेर कुणी पाहिलं नाही.

दरवर्षी या सणाला रजनी पोरींची समजूत घालून निम्म्यांना थांबवायची, म्हणून टेबलं कधी ओस पडली नव्हती. साहेबाला वाटायचं, या सणाला फारसं कुणी गावी जातच नाही.

“रजनीताई, त्या दिवशी सगळ्या हजर पाहिजेत,” हेमंत म्हणाला.

“तुम्ही नका काळजी करू, साहेब,” रजनी म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने पोरींना गोळा केलं. “यंदा सगळ्या जा. साऱ्या.”

रोशनी म्हणून एक चुणचुणीत पोरगी होती, तिने विचारलं, “अन् साहेब?”

“साहेबाचं मी पाहते. झोका घ्या पोटभर. गुरुवारी सकाळी मात्र टेबलावर पाहिजेत.”

स्वतः रजनी गेली नाही. तमाशा पुढच्या रांगेतून पाहायचा होता.

मंगळवारी, आखाजीच्या सकाळी, शेडला झेंडूची तोरणं. साचे चालवणारे भैये कामावर होते, त्यामुळे चाप, घोडे, मुठी यांचे ढीग धो धो पडत होते. आणि टेबलं रिकामी. हेमंत रजनीकडे धावला, “पोरी कुठायत?”

“आखाजीला गेल्या, साहेब.”

“सगळ्या?”

“माहेर सगळ्यांनाच असतं.”

तेवढ्यात डीलर आलेच. भावेशभाईने रिकाम्या टेबलांकडे पाहिलं, मग हेमंतकडे. “हेमंतभाई, आ शुं छे? माणसो क्यां?” हेमंत घामाघूम होऊन स्वतः टेबलावर बसला. स्प्रिंग उडाली ती थेट अहमदाबादच्या एका डीलरच्या चहात. मोठ्या मुश्किलीने एक पिस्तूल जुळलं, तर त्यात टिकलीवर आपटणारा घोडा बसवायचाच राहून गेला होता. डीलरने चाप ओढला. मऊ होता, फार मऊ. आवाज मात्र डीलरच्या हसण्याचाच झाला. भावेशभाईने हातापाया पडून त्यांना शुक्रवारी पुन्हा यायला राजी केलं आणि मग सगळ्यांदेखत हेमंतची अशी बिनपाण्याने केली की साच्यांवरचे भैये काम थांबवून ऐकत राहिले. रजनी स्टुलावर बसून होती. एवढी गोड तिला पुरणपोळीही कधी लागली नव्हती.

दुपारी हेमंत तिच्यापाशी आला. डोळे लाल. “रजनीताई, सगळ्या गेल्या, तुम्ही एकट्या थांबलात. शेठला मी सांगितलंय, ही बाई सोन्यासारखी आहे.”

झालं! त्या एका वाक्याने तिच्या तोंडची सारी गोडी गेली. याला कळलंच नाही? ज्याला मारलं त्याला मार कुणाचा हे कळू नये, तर मारून काय उपयोग? गप्प बसली असती तर बढती मिळाली असती. पण बढती योगेशला काय चाटायची होती!

“मीच पाठवल्या,” ती म्हणाली.

“काय?”

“मीच. तुम्हाला असं उभं पाहायचं होतं. योगेश उभा होता तसं.”

हेमंतचा चेहरा पांढरा पडला. विसरला नव्हता तो. “माझाही नाइलाज होता तेव्हा. माझी नोकरी गेली असती.”

“म्हणून त्याची घालवली.”

“मी शेठला सांगेन हे.”

“सांगा ना. सोन्यासारख्या बाईने असं का केलं, हेही ते विचारतील. तारेपासून सांगावं लागेल. आणि पोरी माझ्या एका फोनवर गुरुवारी येतात किंवा येत नाहीत. शुक्रवारी डीलर आहेत.”

तो खाली बसला. “काय पाहिजे तुम्हाला?”

काय पाहिजे ते तिने सांगितलं.

गुरुवारी पोरी हातावर मेंदी घेऊन आल्या. काम सुरू व्हायच्या आधी हेमंत साहेब शेडच्या मधोमध येऊन उभा राहिला. रजनीने फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडे योगेश होता, त्याला काही सांगितलेलं नव्हतं. हेमंत चपलेकडे बघत बोलला. तार त्यानेच बारीक मागवली होती, योगेशची काही चूक नव्हती, नाव त्याचं आपण खोटं घेतलं. रोशनीच्या हातातून स्क्रूची वाटी निसटली. हेमंत वळून जायला लागला.

“साहेब,” रजनी स्टुलावरून न उठता म्हणाली, “शेवटच्या टेबलावर ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा.”

आणि हेमंत साहेबाने पुन्हा सांगितलं.