न हसणारं गाव
प्रयोगानंतर मेकअप उतरवताना खोबरेल तेलाचा वास आला, की मला कोकणातलं ते लहानसं कॉलेजचं गाव आठवतं. आमचं विनोदी नाटक दौऱ्यावर होतं. लाल मातीचा रस्ता, सुरंगीच्या फुलांचा वास आणि दुपारी इतकी शांतता की माझ्यासारख्या लालबागच्या माणसाला कानात दडे बसल्यासारखं वाटावं. प्रयोग कॉलेजच्या हॉलमध्ये होता. हॉल गच्च भरलेला, पण दादरला हमखास हशा घेणाऱ्या वाक्यांवरही कुणी हूं की चूं करेना. मी चिडलो, आवाज चढवला, नको तिथे उड्या मारल्या. लोक आपले माझ्याऐवजी पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांकडेच बघतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकू घावणे वाढत होत्या. मी फटकन विचारलं, "काय हो, तुमच्या गावात हसायला बंदी आहे काय?" काकूंचा हात थांबला. "तसा नाय हो. बायको वारल्यापासून सर काल पयल्यांदाच भायर पडले. ते हसूक नाय, मगे आमी कसे हसतलंव?" निघताना गाडीपाशी सर स्वतः आले. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "दुसरा अंक हिला फार आवडला असता." आज दादरचा प्रयोग हशाने दणाणला. मी मात्र मधूनमधून पहिल्या रांगेकडे बघत होतो, कुणी न हसता बसलंय का म्हणून.