जवळचं भिंग

ओतूरच्या पेठेत, किराणा दुकानामागच्या घरात झमकूबाईंनी उभा जन्म धान्य निवडलं. गव्हात टोका, धान्यातला बारीक किडा, दिसला की अलगद उचलायचा, चार दाण्यांसकट वाटीत सोडायचा आणि वाटी सावलीला ठेवायची. जीव मरता कामा नये, हा जैन घरचा शिरस्ता. पण यंदा दळणाच्या डब्याला झाकण लावताना सून खुशबूला आत दोन टोके फिरताना दिसले. दुसऱ्या दिवसापासून परात तिनं स्वतःकडे घेतली, इतकंच. झमकूबाईंना ते बोलण्याहून जास्त लागलं.

मोतिबिंदू काढायचं ठरलं. बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला आधी डोळ्याची आतली लांबी मोजावी लागते. दवाखान्यात ते काम आरतीचं. जवळच्याच डिंगोरे गावची पोरगी.

"आजी, लाल दिव्याकडं बघा."

"कुठला दिवा, बाई? मला नुसतं दही दिसतंय."

दाट मोतिबिंदूतून मशीनचा उजेड आत पोचेना. मग आरतीनं डोळा बधिर करायचा थेंब टाकला आणि लांबी मोजायची पेनासारखी दांडी बुबुळाला टेकवली. झमकूबाई दचकल्या. पुन्हा टेकवली, तर आकडा निराळाच.

"जरा दाबलं का लांबी कमी भरती," आरती म्हणाली. "अन् लांबी चुकली का भिंग चुकलं."

"गव्हातला टोका उचललायस कधी? जिवंत?"

"आमी गहू उन्हात टाकतो, आजी. टोके आपोआप पळत्यात."

"एकदा उचलून बघ. बोट लागलं हे त्याला कळूसुद्धा नये. तसं टेकव."

आरती हसली. मग हात सैल सोडून तिनं दांडी टेकवली. झमकूबाई सामायिकाच्या ध्यानाला बसल्यासारख्या निश्चल. आकडे जुळत गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "लांबचं भिंग बसवू ना? जवळचं बघायला चष्मा."

"हो, लांबचंच," मुलगा कल्पेश म्हणाला.

"जवळचं," झमकूबाई म्हणाल्या.

"बाई, सगळे लांबचं घेतात! रस्ता, गाड्या, टीव्ही..." कल्पेश आईला म्हणाला.

"रस्त्यात तू हात धर. टीव्हीतली सासू मला नुसती ऐकूनही कळते. आणि परातीवर वाकलं की चष्मा घसरतो."

डॉक्टरांनी विचारलं, "परात कुठं असते तुमची?"

झमकूबाईंनी खुर्चीवरच मांडी घातली आणि समोर हात धरले. डॉक्टरांनी डोळ्यापासून हातापर्यंतचं अंतर पाहिलं आणि त्या बेतानं नंबर ठरवला.

दिवाळीनंतर एसटी स्टँडकडे जाता जाता आरती त्या घरात डोकावली.

"कोण गं? जवळ ये."

"मी आरती. लांबचा चष्मा घाला की, आजी!"

"निवडताना कशाला तो?"

परात खुशबूनंच पुढ्यात आणून ठेवली होती. झमकूबाईंचं बोट गव्हावरून फिरलं, एका जागी थांबलं, टेकलं. वाटीतल्या दाण्यांवर सोडलेला टोका क्षणभर निपचित राहिला.

"मेला का काय?" आरती वाकली.

"थांब जरा," झमकूबाई म्हणाल्या. टोका चालू लागला.