रिंगणातली कौसल्येची जागा

भोंगा वाजायच्या आधी तुमच्या कामावर कधी कोणी विचारलं का हो तुम्हाला, की आज काय बिघडलंय? नाही ना? मग अंजनाबाईची गोष्ट ऐका.

एकाहत्तर सालच्या आसपास इतवारीपलीकडच्या एका जिनिंगात अंजनाबाई बायांची मुकादम होती. कापसातून सरकी काढणारे रेचे सुरू व्हायच्या आधी ती साऱ्याजणींना रिंगण करून उभी करायची. डावीकडून एकेकीने बोलायचं. अंगात ताप आहे, रेचा कुरकुरतो, जे असेल ते. शेवटचीचं झालं की अंजनाबाई हात वर करायची, मगच भोंगा. मॅनेजर मधुकररावाला ही पंचायत खुपायची. राबणाऱ्या बाईला तोंड असतं, हेच या लोकांना सहन होत नाही!

एका सकाळी त्याने रिंगण मध्येच मोडलं. "बस झाली तुमची सभा! चालू करा!"

फक्त कौसल्येची बारी राहिली होती. बोलायच्या आधी जिभेने टक् करायची तिला सवय. तेवढं टक् झालं आणि भोंगा वाजला. दुपारी रेचा फिरवणाऱ्या पट्ट्याने तिचा पदर ओढला, आणि पदरामागे ती गेली. तिला काय सांगायचं होतं, ते तिच्यासोबतच गेलं.

त्यानंतर रिंगणात तिची जागा मोकळीच राहू लागली. कोणी ठरवलं नव्हतं. बारी तिथवर आली की अंजनाबाई एक श्वास थांबायची, मगच हात वर करायची.

पुढच्या हंगामात पारशिवनीकडची प्रेमिला कामाला आली. कौसल्येचाच रेचा तिला मिळाला, आणि पोरगी नेमकी त्याच जागेवर येऊन उभी राहिली.

"तिथून सरक वं," शेजारची सिंधूताई पुटपुटली. तोवर बारी तिथे आली होती.

टक्.

"पट्ट्याची शिवन उसवून राहिली, बाई."

आवाज कोणाचा, हे कोणी कोणाला विचारलं नाही. अंजनाबाईचा हात वर जाईना.

मधुकरराव ओरडला, "हात वर करा, अंजनाबाई! नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"बसन मी घरी. पन माही एकबी बाई आज त्या रेच्यावर बसनार नाही."

"दिवसाढवळ्या भूत दिसून राहिलं का?" मधुकररावाने तणतणत स्वतःच मशीन सुरू केली. रेचा रिकामा फिरू लागला, अगदी सुरळीत. तो हसलासुद्धा. तेवढ्यात पट्टा तुटला आणि चाबकासारखा प्रेमिलाच्या बसायच्या पाटावर आदळला. पाट उभा चिरला.

मशीन थांबली. प्रेमिलाने अंजनाबाईचा दंड घट्ट धरला.

"बाई, तुम्ही काहून थांबवलं? म्या तं अजून तोंडबी उघडलं नोतं."

मधुकररावाने पुन्हा कधी रिंगण मोडलं नाही. बारी त्या जागेवर आली की तो दाराबाहेर जाऊन उभा राहायचा.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच: उद्या कामाला हात लावायच्या आधी गोल उभे राहा. एकेकाला बोलू द्या. आणि एखादी जागा रिकामी असली, तरी तिथे एक श्वास थांबा. कान देऊन ऐका, मगच हात वर करा.