पाठ असलेले शब्द

“सर, हे काय आहे?” मी भाकरीचं चित्र समोर धरलं.

साळवे सरांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरंय.”

ग्लास दाखवला तरी बरंय. पाय दुखतोय का विचारलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंडातून बरंयच. मी स्पीच थेरपिस्ट आहे. आमच्याकडे याला अफेजिया म्हणतात. स्ट्रोकमध्ये मेंदूचा भाषेचा भाग मार खातो. माणसाला काय म्हणायचंय ते आत ठाऊक असतं, पण शब्द सापडत नाही. सरांना हा एकच शब्द उरला होता. तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस.

त्यांच्या पत्नी, रूथकाकू, बिबवेवाडीहून रिक्षाने त्यांना आमच्या सेंटरला आणायच्या. एकदा सेशन संपल्यावर त्यांनी सरांचा लकव्यातून वाचलेला हात हातात घेतला आणि प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीपासून सर त्यांच्याबरोबर म्हणू लागले. स्वच्छ, एकेक ण आणि ळ जागच्या जागी. थेट आमेनपर्यंत.

काकू रडायला लागल्या. “देवाने त्यांचं तोंड उघडलं, मॅडम.”

मी बॉसना सांगितलं. ते लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले, “ऑटोमॅटिक स्पीच. तुम्हाला माहीत नाही का?”

माहीत होतं. पाढे, आरत्या, वारांची नावं असं लहानपणापासून घोटलेलं बोलणं बऱ्याचदा स्ट्रोकमधूनही वाचतं. म्हणता येतं, पण त्यातला एखादा शब्द काढून वापरता येईलच असं नाही.

“मला प्रयत्न करू द्या,” मी म्हणाले.

“करा. पण प्रोग्रेस नसेल तर स्लॉट सोडावा लागेल. वेटिंग आहे.”

मी प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची ओळ घेतली. काकू ओळ सुरू करायच्या आणि थांबायच्या. सर पुढे म्हणायचे, “भाकर.” लगेच मी चित्र धरायचे.

“हे काय, सर?”

“बरंय.”

आम्ही हे आठवडेच्या आठवडे केलं. पुढे पुढे सरांना आपण चुकतोय हे कळू लागलं. ते ओठ जुळवायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि तोच शब्द बाहेर यायचा. एक दिवस त्यांनी सगळी चित्रं टेबलावरून ढकलून दिली. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

प्रोग्रेस दिसली नाही, स्लॉट सोडावा लागला. शेवटच्या सेशननंतर काकू डबा पिशवीत ठेवताना म्हणाल्या, “एक विचारू? प्रार्थना म्हणताना त्यांना अर्थ कळतो का?”

“खात्रीने नाही सांगता येत, काकू. बहुतेक कळत नसावा.”

“थोडासुद्धा?”

“मला माहीत नाही.”

त्यांनी पिशवीचे बंद बांधले. “आमचा मुलगा गेला, तेव्हा वर्षभर मीही नुसती तोंडानेच म्हणत होते. देवाचं नावही नको झालं होतं. हे रोज शेजारी बसून म्हणायचे, म्हणून मी म्हणायचे. आता मी बसेन. कळायचं तेव्हा कळेल.”

पावसाळ्यानंतर सरांना दुसरा स्ट्रोक आला. मी घरी भेटायला गेले. प्रार्थनाही गेली होती आणि तो एक शब्दही. सर छताकडे बघत पडून होते.

“आता काही थेरपी?” काकूंनी विचारलं.

“नाही, काकू.”

“बरं.”

त्यांनी मला चहा दिला. मग पलंगाशी बसून सरांचा हात धरला आणि एकट्याच प्रार्थना म्हणू लागल्या. मधेच आवाज फाटला. त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि राहिलेल्या ओळी पूर्ण केल्या. सरांची नजर हलली नाही. मी चहा तसाच हातात धरून बसले होते.

पेशंटच्या घरच्यांना खोटी आशा देऊ नये, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. खरी आशाही संपली की माणसाने काय करायचं, हे शिकवत नाहीत. मलाही ते येत नाही. मी फक्त एका बाईला ते करताना पाहिलंय, आणि ते सोपं दिसलं नाही.