कॅसेटवर ‘तुला’ होतं

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. नव्हता आणि अजूनही नाही. देव्हाऱ्यासमोर माझं काम दोन सेकंदांचं, तेही बायको बघत असेल तर. या सदरातले अनुभव मी वाचतो ते चहाबरोबर चिवडा खावा तसे. मग हे कशाला लिहितोय? कारण यात भूतबित काही नाही... यात मी आहे. आणि मी काय केलं ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगताच येत नाही. लाज वाटते, पण आता वय झालं.

भंडाऱ्याला कॉलेजात असताना, म्हणजे १९७२-७३ च्या सुमारास, माझी आणि देवाजीची जोडी होती. तो पवनीजवळच्या कोंढ्याचा, घरची धानाची शेती. मी भंडाऱ्यातलाच, मास्तरांचा मुलगा. मी गिटार वाजवायचो, तो गायचा. बेलबॉटम, कानावर केस, गळ्यात रुमाल – सगळा थाट होता! चाली माझ्या, पार विलायती ठेक्यावर. शब्द देवाजीचे, अस्सल झाडीबोलीतले. ‘तुले का सांगू, मले का झालं... बोडीच्या पाळीवर पाय माहे थांबले.’ बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. गॅदरिंगमध्ये हे गाणं तीन-तीनदा म्हणावं लागायचं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते – दिवसभर जत्रा, पाहुणेरावळे, दंडारीचं लोकनाट्य. तिथूनही आम्हाला बोलावणी यायची. ‘गिटारपार्टी आली’ म्हणत लोक बैलगाडीवर चढून बघायचे.

मग मला नागपूरला एका ऑफिसात नोकरी लागली आणि देवाजी शेतीवर गेला. भांडण नाही, काही नाही, जोडी आपोआप सुटली. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मी ‘मले साहेबानं बोलावलं’ असं म्हणालो आणि अख्खं टेबल हसलं. त्या दिवसापासून मी ‘मला-तुला’ बोलायला शिकलो. इतकं पक्कं शिकलो की पुढे भंडाऱ्याला गेल्यावर आईसुद्धा म्हणायची, “तू पाहुण्यासारखा काहून बोलून राहिला गा?”

बारा-तेरा वर्षांनी, १९८६ साली, कॅसेटचा जमाना आला. नागपुरात कॅसेट काढणारे एक शेठ होते. त्यांनी कॉलेजच्या दिवसांत आम्हाला कुठल्याशा मंडईत ऐकलं होतं. ते म्हणाले, “जोडी फिर से लाओ. दोनों का फोटो छापेंगे. लोग पहचानेंगे.” मी त्याच रविवारी कोंढ्याला गेलो. देवाजी बांधावर होता, पाय चिखलात. मी सांगितलं तसा तो नुसता हसतच राहिला. मग म्हणाला, “माहा आवाज आता बैलं हाकलून हाकलून फाटला बे वसंता.” पण फाटला नव्हता. थोडा जड झाला होता, आणि खरं सांगतो, पहिल्यापेक्षा चांगला झाला होता.

तीन रविवार त्याच्या अंगणात आम्ही तालीम केली. त्याची बायको सुमित्रा चहा द्यायची आणि दाराशी बसून ऐकायची. आठ गाणी बसवली. कॅसेटचं नावही देवाजीनंच काढलं – ‘आलो गा परत’. दोघांचा फोटो पवनीला जाऊन काढला. त्यासाठी देवाजीनं लग्नातला कोट घातला होता.

शेठनी चाली ऐकल्या, खूश झाले. पण म्हणाले, “ये ‘तुले-मले’ देहाती लगता है. पुण्या-मुंबईत कोण घेणार?” मी विरोध करायला हवा होता. मी केला नाही. उलट मला बरंच वाटलं, कारण ते माझ्याही मनात होतं. ऑफिसातली माणसं ही कॅसेट ऐकणार होती ना!

तिसऱ्या रविवारी मी देवाजीला म्हटलं, “तुला काय सांगू, मला काय झालं, असं म्हणून बघ.” तो म्हणायला लागला. पहिल्या ओळीला ‘तुला’, दुसऱ्या ओळीला ‘मले’. पुन्हा. पुन्हा तेच. शेवटी घाम पुसत म्हणाला, “‘का’चा ‘काय’ केला का ठेका लंगडून राहिला बे. पण तू म्हणतं तर करतो. मले आठ दिवस दे.” बिचारा खरंच आठ दिवस करत होता. नांगरामागे ‘तुला-मला’ घोकत फिरायचा, हे मला नंतर कळलं.

मी त्याला आठ दिवस दिले नाहीत. पोस्टकार्ड टाकलं – रेकॉर्डिंग पुढे ढकललं आहे, तारीख कळवतो. आणि ठरल्या दिवशी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या एका नागपूरच्या माणसाकडून सगळी गाणी म्हणून घेतली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. गाणं लहान पडतंय असं शेठ म्हणाले म्हणून तिथेच, स्टुडिओच्या व्हरांड्यात बसून, मी तिसरं कडवं लिहिलं. तेही ‘तुला-मला’तच. कव्हरवर मात्र फोटो आमच्या दोघांचा, नावं आमच्या दोघांची. आणि वर ‘पुन्हा आलो’ असं सुधारलेलं नाव. शेठना जोडी हवी होती, मला शुद्ध मराठी हवी होती... दोघांनाही हवं ते मिळालं.

दिवाळीत कॅसेट दुकानांत आली. देवाजीचं एकही पत्र नाही. मी रात्रंदिवस धसका घेऊन होतो. शेवटी नोव्हेंबरात, कोंढ्याची मंडई होती त्या दिवशी, मी एक कॅसेट थैलीत टाकून निघालो. सगळं कबूल करायचं, चार शिव्या खायच्या, आणि परत यायचं – असं ठरवून. भंडारा-पवनी गाडी कोंढ्याला पोचली तेव्हा दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. लख्ख ऊन होतं. स्टँडवर उतरलो आणि भोंग्यावर माझीच गिटार ऐकू आली.

आणि मग आवाज. ‘तुले का सांगू, मले का झालं...’

मी जागच्या जागी उभा राहिलो. देवाजीचा आवाज! पहिल्यांदा वाटलं, तो मंचावर गातोय. पण मागे स्टुडिओतला ऑर्गन होता, आम्ही तिथे वापरलेले ड्रम होते. गर्दीतून वाट काढत भोंगेवाल्याच्या मांडवाजवळ गेलो. टेपमध्ये कॅसेट फिरत होती, शेजारी डबी पडली होती – आमचा दोघांचा फोटो, देवाजीचा लग्नातला कोट. मी विचारलं, कुठून आणली? तो म्हणाला, “पवनीच्या दुकानातून. काहून, खराब वाजून राहिली का?”

तेवढ्यात तिसरं कडवं लागलं. मी स्टुडिओत लिहिलेलं. कोंढ्यात कुणाला माहीत असायचं कारणच नाही. ते देवाजी गात होता – आणि माझ्या ‘तुला’च्या जागी ‘तुले’ म्हणत होता, ‘काय’च्या जागी ‘का’, आणि ठेका एकदाही लंगडला नाही.

मागून कुणीतरी मला घट्ट धरलं. देवाजी होता. रडत होता. “वसंता, मले माफ कर बे,” म्हणाला. “पवनीहून कोणीतरी सांगत आलं, का कॅसेट निघाली अन् गाणारा दुसराच हाये. मी तुले महिनाभर मनात शिव्या देल्या. आज तर मंडईत येतच नव्हतो, घरातच बसलो होतो. मंग भोंग्यावर आवाज आला... माहा!” सुमित्रा मागे उभी होती, पदर तोंडाला लावून. ती म्हणाली, “भाऊजी, तुमी लय मोठं काम केलं.”

याच वेळी सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. देवाजीनं डोळे पुसले आणि विचारलं, “पण माहा आवाज तू घेतला कधी गा?”

मी म्हणालो, “तालमीच्या वेळी. थैलीत टेप लावून ठेवला होता. तुला सरप्राइज द्यायचं होतं.”

देवाजीनं मांडवातली ती डबी हातात घेऊन उलटून पाहिली. मग म्हणाला, “हो का,” आणि मला चहाला घेऊन गेला. दिवसभर लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि तो प्रत्येकाला सांगत होता, “वसंतानं केलं, वसंतानं.” मी मान हलवत होतो. पोहे खाल्ले, भजी खाल्ली, फोटोवर दोन-चार सह्यासुद्धा केल्या.

तिसरं कडवं मी तालमीनंतर लिहिलं होतं, म्हणजे माझं खोटं उघड्यावर पडलं होतं... हे माझ्या डोक्यात परतीच्या गाडीत, अड्याळ गाव गेल्यावर आलं. मग मी स्वतःची समजूत घातली की आनंदाच्या भरात देवाजीच्या ते लक्षातच आलं नसेल.

थैलीतली कॅसेट मी मंडईत बाहेर काढली नव्हती, हिंमतच नव्हती. घरी लावली. ‘तुला काय सांगू, मला काय झालं’, तो ऑर्केस्ट्रावाला, स्वच्छ उच्चार. दुसऱ्या दिवशी दुकानातून आणखी तीन आणल्या. तिन्हींत तेच. शेठना विचारलं, दुसऱ्या आवाजातली काही प्रत निघाली आहे का? ते म्हणाले, “निकलेगी कैसे? वो आदमी तो आया ही नहीं था.”

यानंतर मी कोंढ्याला गेलो नाही. देवाजीची पत्रं यायची, दोन-चार ओळींची. धान बरं आहे, ये एकदा. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच – ये एकदा. मी उत्तरात ऑफिसातल्या कामाचं रडगाणं लिहायचो.

१९८८ च्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. मी दहाव्याला पोचलो. सगळे पांगल्यावर सुमित्रानं चहा दिला आणि समोर बसली. म्हणाली, “भोंगेवाल्यापासून ते कॅसेट मागून घेतली होती ह्यायनं. रोज लावत. तिसरं कडवं तर ह्यायले येतच नव्हतं, भाऊजी. कॅसेट ऐकून ऐकून पाठ केलं.”

मी कप खाली ठेवला.

ती शांतपणे बोलत होती. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. “मंडईतून घरी आल्यावरच मले म्हणाले, का हे गाणं मी म्हटलंच नाही. मंग कोणं म्हटलं? मी म्हटलं, भाऊजीले विचारा ना. तं म्हणत, नको. त्याले लाज वाटन. येईन तो, स्वताच सांगन.”

दोन वर्षं तो वाट बघत होता. आवाजाच्या खुलाशाची नाही, माझी.

निघताना तिनं ती कॅसेट माझ्यापुढे धरली. म्हणाली, “घ्या भाऊजी, तुमच्या जोडीची आठवण. मी आता कायले ऐकू...” मी हात पुढे केला नाही. माझ्या घरी ती कॅसेट ‘तुला’च म्हणाली असती, याची मला खात्री होती, आणि मग सुमित्रापाशी देवाजीचा आवाजही उरला नसता. हे तिला सांगता आलं नाही. “माझ्याकडे आहे,” एवढंच म्हणालो. म्हणजे पुन्हा खोटंच.

त्या कॅसेटवर देवाजीचा आवाज कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. बाकी जे घडलं त्याला स्पष्टीकरणाची गरज नाही. ते सगळं मी केलं, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला सोडून आज तुम्हा सगळ्यांना सांगतोय.