भिंतीतली ओल

माझ्या आठवणीतली माय भिंतीला तळहात टेकवून उभी आहे... डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तशी. सकाळी चूल पेटवण्याआधी ती मधल्या खोलीची भिंत अशी चाचपायची, हात पदराला पुसायची आणि कामाला लागायची. पाणी ओसरलं म्हणजे पूर गेला, असं मला तेव्हा वाटत असे.

चाळीसगावात नदीकाठच्या गल्लीत आमचं मातीच्या विटांचं तीन खोल्यांचं घर होतं. मी तिसरीत असताना भाद्रपदातल्या एका दुपारी नदी ओट्यावर चढली, उंबऱ्याशी क्षणभर थबकल्यासारखी झाली आणि आत शिरली. समोरच्या शाळेच्या गच्चीवरून आम्ही ते नुसतं पाहत राहिलो. परतलो तेव्हा घरभर घोटाभर काळा गाळ, आणि सांडलेलं रॉकेल, शेवाळ, कुजू लागलेलं धान्य या सगळ्यांचा मिळून एक वास – जो अजूनही कुठल्या तरी बंद खोलीचं दार उघडताना अवचित मला गाठतो. कोठीतल्या दादर ज्वारीला पांढरेफटक कोंब फुटले होते. गोधड्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या, की एकेक गोधडी माय आणि नाना – माझे वडील – दोघांनी मिळून अंगणात ओढली. पुढे त्या वाळल्या, भांडी चिंचेने लख्ख झाली, फुगलेलं दार नानांनी रंधा मारून चौकटीत बसवलं. घर पुन्हा घरासारखं दिसू लागलं... भिंत तेवढी वाळेना. तिचा पोपडा निघालेला, खालून वर चढत गेलेला ओलसर काळा पट्टा रोज आमच्यासमोर असायचा.

दिवाळी तोंडावर आली आणि नानांचा धीर सुटला. ते फार मानी होते. कुणी आपली कीव करावी, हे त्यांना मुळीच सोसायचं नाही. ते सिमेंटच्या गोण्या आणि हिरव्या ऑइलपेंटचे डबे घेऊन आले, तेव्हा माय भिंतीपाशीच उभी होती.

“भीत आजून वल्ली शे,” ती म्हणाली. “उन्हायाभर तिले ऊन खाऊ द्या. मंग लावा काय लावनं ते.”

“भाऊबीजले बहिनी येतीन. त्यासले काय हाई दखाडू?”

माय भिंतीपासून बाजूला झाली. भिंतीवर गिलावा चढला, त्यावर रंग चढला, आणि खरं सांगते, ती दिवाळी मला फार सुंदर वाटली! ताज्या रंगाच्या वासात चकलीच्या तळणाचा वास मिसळला होता, हिरव्या भिंतीवर पणत्यांचा उजेड हलत होता, आत्या कौतुक करून थकत नव्हत्या. मायने हात लावला तर भिंत कोरडी लागली. ओल आत कोंडली होती.

थंडीत त्या हिरव्या रंगाला फोड आले. ते फुटत, त्यामागून काळी बुरशी डोकावे, नाना ती खरवडून वरून पुन्हा रंग देत. मायचं अंथरूण त्याच भिंतीला लागून असे, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. आधी खोकला आला, मग धाप... पुढे पुढे ती उशाला गोधड्यांची चवड रचून बसल्या बसल्याच निजू लागली. शेवटी नाना तिला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, “घरात ओल आहे का?”

“नाही,” नाना म्हणाले. “नवा रंग दिलाय.”

मायने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग माझी विस्कटलेली वेणी नीट करत राहिली. पुढच्या आषाढात ती गेली. तिचे दिवस झाल्यावर नानांनी एकट्याने तो सगळा गिलावा छिन्नीने फोडून काढला. त्यानंतर भिंत वाळायला आणखी दोन उन्हाळे लागले. तिच्याकडे पाहिलं की मला संताप यायचा, नानांचाही यायचा. पण जेवताना त्यांचा हात ताटातच थांबलेला दिसे आणि मी पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढ्यात सरकवत असे.

यंदा नदी पुन्हा घरात आली. पाणी ओसरल्यावर मी जळगावहून गेले तेव्हा गल्लीत रंगाचे डबे येऊन पडले होते, दिवाळी जवळ होती. आमची भिंत मात्र मातीपर्यंत उघडी होती. नाना आता फार थकले आहेत. तिच्यापाशी चटई टाकून बसले होते. मीही त्यांच्याशेजारी टेकले तशी त्यांनी माझा दंड धरला.

“आठे नको बसू, पोरी. भीत आजून वल्ली शे.”

मी उठून दाराशी जाऊन बसले. नाना मात्र त्या ओल्या भिंतीला पाठ टेकवून तिथेच बसून राहिले.