खटकाकाकांचं फाटक

कुलपं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली खटकाकाका म्हणते. लोकांची अडलेली कपाटं आणि तिजोऱ्या ते चुटकीसरशी उघडतात, पण स्वभावाने इतके भित्रे की फुगा नुसता दिसला तरी कानांवर हात. त्यात नात चालायला लागली. चालायला कसली, भिरभिरायला! म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. घर वरच्या मजल्यावर, आणि बैठकीच्या खोलीतून थेट खाली उतरणारा उभा जिना. काकांची झोप उडाली.

मग खपून खपून त्यांनी जिन्याच्या तोंडाशी गजांचं लाकडी फाटक बसवलं. ते आपोआप लागायचं. उघडताना मात्र एका हाताने खालची कळ दाबून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने वरची पट्टी सरकवायची.

"हिच्या सात पिढ्यांना उघडणार नाही!" काका म्हणाले.

"त्या सातांत आपणही येतो," आजी म्हणाल्या.

एका सकाळी मुलगा कामाला जायच्या घाईत फाटक उघडून खाली धावला. मागे फाटक खट्‌कन लागलं. काकांनी पेपरातून डोकं वर काढलं, तर भिंगरी फाटकाच्या पलीकडे, सर्वांत वरच्या पायरीवर! बापाच्या पायांमागून कधी सटकली, त्यालाही कळलं नव्हतं. पाठ जिन्याकडे, हात गजांवर आणि गालभर हसू.

काकांनी ओरडावं तर पोर दचकणार. धावावं तर तिला पकडापकडी वाटणार. ते रांगत निघाले.

"आजोबांची मिशी कुठाय? ओढ बरं!" काकांनी लाडाचा आवाज काढला. त्यांनी गजांत तोंड खुपसलं. भिंगरीने दोन्ही मुठींनी मिशी धरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण काकांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तेवढ्यात तिने एक पाय मागे टाकला. पायाखाली काहीच नव्हतं. काकांनी गजांतून हात घालून फ्रॉक घट्ट पकडला.

आणि मग त्यांना आठवलं, खटक्याला दोन हात लागतात. मोकळा होता एकच. कळ दाबली की पट्टी राहत होती, पट्टीला हात घातला की कळ वर येत होती. घामेजल्या मुठीतून कापड निसटू लागलं.

"अगं... ये ना गं," काकांनी स्वयंपाकघरातल्या आजींना हळूच हाक मारली.

आजी ओल्या हातांनी बाहेर आल्या. खटक्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बिजागरीच्या बाजूने फाटक वर उचललं, खिळीतून काढलं, बाजूला केलं आणि नातीला मिशीसकट ओढून घेतलं.

"हे... असंही उघडतं?"

"मी पहिल्या दिवसापासून असंच उघडते. तुमचं ते दाबा नि सरकवा कोणाला जमतंय?"

मागच्या सगळ्या दिवसांची भीती काकांना आत्ता एकदम वाटू लागली.

दुपारीच त्यांनी फाटक उचललं जाऊ नये म्हणून बिजागऱ्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकल्या. खटका नवा केला: उंचावर, पोराचा हात न पुरणारा, मोठ्या माणसाला एका हाताने उघडणारा. मग पलीकडच्या पायरीवर उशी ठेवली, गजांतून एका हाताने ती धरली आणि आजींना सांगून ठेवलं, मी बेसावध असताना ओरड.

"पडलीऽऽ!"

काका ताडकन उडाले. उशी सुटली आणि गडगडत तळमजल्यावर गेली. पण दुसऱ्या हाताने, तो लटलट कापत असतानाही, फाटक उघडलं होतं.

काकांनी घाम पुसला, उशी वर आणली आणि म्हणाले, "पुन्हा ओरड."